अर्ध्यावर अडलेला काटा

त्या काळी वसईत माझी एक ख्याती होती. गाडी फाटकातून आत येईपर्यंत तिला काय झालंय हे मी आवाजावरून सांगतो, अशी. ही ख्याती पसरवण्यात सर्वांत मोठा वाटा माझाच होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. पण ती अगदीच खोटीही नव्हती. अकरा वर्षं मी रेल्वेच्या डिझेल इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होतो. नोकरी सोडून वसईच्या होळी बाजाराजवळ पत्र्याची शेड टाकली तेव्हा आमच्या वाडीतले लोक म्हणाले, केळी आणि पानवेली सोडून हा आता ऑइलमध्ये हात बुडवणार. बुडवले. पाच-सहा वर्षांत आगाशीपासून नायगावपर्यंतचे भाजीचे टेम्पो, डॉक्टरांच्या गाड्या, लग्नाला भाड्याने जाणाऱ्या गाड्या, सगळ्या माझ्याकडे येऊ लागल्या.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. नाताळला तीनेक आठवडे असताना एका सोमवारी सकाळी माझ्या दारात लाल रंगाची, दोन दारांची, जमिनीला टेकायला आलेली जपानी स्पोर्ट्‌स गाडी उभी राहिली. स्टिअरिंग डाव्या बाजूला. ही गाडी मी पाहिली नव्हती, पण ऐकून होतो. राजोडीच्या एका तांडेलाचा, म्हणजे मासेमारीच्या होडीच्या कप्तानाचा, थोरला मुलगा आखातात जनरेटरच्या कंपनीत फोरमन होता. त्याने ती जहाजातून घरी आणली होती. आली त्या दिवशी फादरांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं आणि सुरूच्या बनापर्यंत माणसं बघायला उभी होती म्हणे. आमच्या खड्ड्यांतून ती चालवायची कुठे, हे कोणी विचारलं नाही. अशा वस्तूंना तो प्रश्न विचारायचा नसतो.

गाडीतून थोरला उतरला, त्याच्या मागून त्याचा धाकटा भाऊ. धाकटा बापाच्या होडीवर इंजिन सांभाळायचा. पंचविशीतला, काळासावळा, बोलायला कंजूष. थोरल्याने तक्रार सांगितली. गाडी सुरू होते, गावात नीट चालते, पण रस्ता मोकळा मिळाल्यावर पाय दाबला की जो धक्का पाठीला बसायचा तो बसत नाही. तिला टर्बो होता. त्याच्या दाबाचा एक छोटा काटा समोर होता, तो पूर्वी सातवर जायचा, आता साडेतीनवर जाऊन थांबतो.

टर्बो म्हणजे काय हे वसईत तेव्हा किती जणांना ठाऊक होतं? मला होतं. इंजिनातून बाहेर जाणारा धूर एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला असलेलं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. रेल्वेच्या इंजिनावर हे यंत्र भाताच्या कणगीएवढं असायचं आणि ते मी उघडून परत जोडलेलं होतं. या गाडीतलं ते पाहिलं आणि मला हसू आलं. नारळाएवढं होतं.

मी इंजिन चालू करायला सांगितलं, कान लावला. एक बारीक शीळ ऐकू आली. मधेच काथ्या जळल्यासारखा वासही आला, तेव्हा मी शेजारच्या म्हातारीला हाक मारून म्हटलं, मावशी, सोडणं पेटवलीत की काय? आमच्याकडे डासांसाठी नारळाची सोडणं जाळतात, त्यामुळे त्या वासाचं कोणाला काही वाटत नाही. मावशीने उत्तर दिलं नाही, मीही वाट पाहिली नाही. इंजिन बंद केलं, हवेची नळी सोडवली, टर्बोचा दांडा चिमटीत धरून हलवला. तो हलला. थोडासाच, पण वरखाली हलला.

झालं. मी पाय फाकवून उभा राहिलो आणि निकाल दिला. बेअरिंग गेलंय. असं बेअरिंग आपोआप जात नाही. कोणीतरी गाडी मस्त पळवलीय आणि तशीच तापलेली बंद केलीय, त्यामुळे तेल आत जळलंय.

थोरल्याने लगेच धाकट्याकडे पाहिलं. गेल्या जूनमध्ये तो परत आखातात गेला तेव्हा किल्ली धाकट्याकडे होती. फक्त धाकट्याकडे. त्याने माझ्यासमोरच विचारलं, किती वेळा पळवलीस? धाकटा म्हणाला, मी चालवली नाही. मग त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते मिटणं मी पाहिलं आणि मनात म्हटलं, चोर सापडला. माझ्या हुशारीवर मी त्या दिवशी फार खूश होतो.

जानेवारीत थोरला धाकट्याला आपल्याबरोबर कंपनीत नेणार होता, हे मला त्याच वेळी कळलं. पासपोर्ट तयार होता, कागद झाले होते, कंपनीला शेवटचं होकाराचं पत्र तेवढं जायचं होतं. थोरला म्हणाला, "ज्याला भावाची गाडी सांभाळता आली नाही, त्याला मी तिथल्या मशिनींवर कुठल्या तोंडाने उभा करू? पत्रात दुसऱ्याचं नाव लिहितो. शनिवारी टाकतो पोस्टात." तो हे ओरडून म्हणाला नाही, त्यामुळे ते खरं वाटलं. धाकट्याने मान खाली घातली आणि चालत बाहेर गेला. बस पकडून गेला असेल राजोडीला.

थोरल्याने गाडीबरोबर आलेलं जाडजूड दुरुस्तीचं पुस्तक माझ्या बाकावर ठेवलं. मी ते उघडलंसुद्धा नाही. ज्याला काम येत नाही तो पुस्तक उघडतो, असं माझं त्या वेळचं तत्त्वज्ञान होतं.

मंगळवारी सकाळभर खपून मी टर्बो खाली उतरवला. बाकावर ठेवून तेल पुसलं, दांडा बोटाने फिरवला तर तो भिंगरीसारखा गरगरला. कुठे घासल्याची खूण नाही. चाकांच्या पात्यांना ओरखडा नाही. तेलाचा जळका थर नाही. ज्याचं बेअरिंग गेलं त्याचं पोट असं स्वच्छ नसतं, हे मला शेडमध्ये पाहून माहीत होतं. तरीही दांडा हलत होताच. मग दुपारी जेवण झाल्यावर, आजूबाजूला कोणी नाही हे पाहून, मी ते पुस्तक उघडलं.

इंग्रजी मला कामापुरतं येतं, आणि चित्रं होती. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की या लहान टर्बोत दांडा तेलाच्या थरावर तरंगतो, इंजिन बंद असताना तो बाजूला थोडा हलणारच. आत-बाहेर हलला तर बिघाड समजावा. मी आत-बाहेर ढकलून पाहिला. जागचा हलला नाही. रेल्वेच्या इंजिनाचं माप मी या नारळाला लावलं होतं.

शरम वाटली. मी एका माणसाला, ज्याने माझं काही वाकडं केलं नव्हतं, भावासमोर गुन्हेगार ठरवलं होतं, आणि तेही एका चिमटीच्या भरवशावर. तेव्हाच सायकल काढून राजोडीला जायला हवं होतं. गेलो नाही. कारण थोरला विचारणार, बेअरिंग नाही तर मग काय? आणि त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चुकलो म्हणून सांगायचं तर हातात बरोबर काय ते असावं, ही माझी खोड. मी स्वतःला सांगितलं, शनिवारपर्यंत वेळ आहे.

पण त्यानंतर मी जे काम केलं ते मात्र चोख केलं, आणि ते सांगताना मला लाज वाटत नाही.

बुधवारी टर्बो परत चढवला. आधी समोरच्या काट्यावरच संशय घेतला. काटेही खोटं बोलतात. माझ्याकडे शेडमधून आणलेला एक जुना दाबमापक होता, तो रबरी नळीने इंजिनाच्या हवेच्या वाटेला जोडला आणि एक चक्कर मारून आलो. दोघांचं एकमत झालं. साडेतीन. म्हणजे दाब खरोखरच कमी होता.

मग हवा कुठून गळतेय ते पाहिलं. हवा आत घेणाऱ्या तोंडावर पत्र्याचं झाकण बसवलं, त्याला सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह डकवला आणि कॉम्प्रेसरने हवा भरली. कपडे धुवायच्या साबणाचा फेस करून प्रत्येक सांध्यावर ब्रशने लावत गेलो. आमच्या वाडीतल्या पंपाचा पाइप असा तपासता येत नाही. तो हवा आत ओढतो, त्यामुळे गळती असेल तिथे ओला चिखल थापायचा की तो स्वतःच घट्ट बसतो. इथे उलट, हवा बाहेर येते आणि फेसाचे बुडबुडे करते. एका पट्ट्याखाली बुडबुडे आले. पट्टा आवळला, गाडी पुन्हा नेली. काटा साडेतीनवरून चारवर आला. मला वाटलं, जमलं. नव्हतं जमलं, सातच्या जागी चार म्हणजे अजून अर्ध्यावरच.

गुरुवारी एका झडपेच्या मागे लागलो. टर्बोचा दाब फार वाढू नये म्हणून जास्तीचा धूर चाकाला न लागता बाजूने काढून द्यायची ती सोय असते. ती झडप उघडीच राहिली तर धूर चाकाला वळसा घालून निघून जाणार, चाक फिरणार कसं? मी तारेने ती बंद बांधून टाकली आणि जपून, काट्यावर नजर ठेवून गाडी पळवली. चारच. झडप निर्दोष सुटली. एअर फिल्टर स्वच्छ, प्लग चांगले, टायमिंग बरोबर. एकेका आरोपीला मी बाहेर सोडत होतो आणि ज्याला आधीच शिक्षा झाली होती त्याची आठवण दर वेळी येत होती.

गुरुवारी संध्याकाळी हात धुताना एक साधी गोष्ट डोक्यात आली. मी चार दिवस हवा आत कशी जाते तेच बघत होतो. धूर बाहेर कसा जातो ते पाहिलंच नव्हतं. पाणी पुढे तुंबलं तर पाटात मागे कितीही सोडा, वाहत नाही. टर्बोच्या पुढे धुराला वाट मिळाली नाही तर चाक मंदावणार. आणि त्याच वेळी शेजारच्या मावशीने खरोखरच सोडणं पेटवली. तो वास नाकात गेला तसा मी ओले हात घेऊन उभा राहिलो. सोमवारी गाडी आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. अकरा वाजता डास कुठले?

शुक्रवारी सकाळी मी एका टेम्पोवाल्याबरोबर राजोडीला निरोप धाडला. थोरल्याला नाही, धाकट्याला. मला काट्याकडे बघायला एक माणूस हवा, असं कळवलं. तो येईल असं वाटलं नव्हतं. आला. स्टुलावर बसला, चहा घेतला नाही. मी त्याला सांगितलं की बेअरिंग चांगलं आहे, मी चुकलो होतो. तो म्हणाला, "भावाला सांगितलंत?" मी म्हटलं, कारण सापडलं की सांगतो.

मी सायलेन्सरच्या अलीकडचा नळीचा जोड सोडवला. आता धूर थेट खाली रस्त्यावर सुटणार होता. नायगावकडे मिठागरांच्या बाजूला एक सरळ पट्टा होता, तिथे गाडी काढली. काय आवाज होता तो! बगळे उडाले, मिठाच्या ढिगांवरच्या बाया कमरेवर हात ठेवून बघू लागल्या. मी डावीकडे स्टिअरिंगवर, तो उजवीकडे काट्यावर डोळे लावून. मी पाय दाबला आणि पाठीला तो धक्का बसला, ज्याची थोरला सोमवारी तक्रार करत होता. मला वळून पाहायची गरजच उरली नाही.

धाकटा म्हणाला, "सात."

मी मोठ्याने हसलो. हसायलाच हवं होतं. हवा, झडप, टर्बो, सगळं ठणठणीत होतं आणि दोष मागच्या सायलेन्सरमध्ये होता, हे आता शाळेतलं पोरही सांगू शकलं असतं. पण धाकटा हसला नाही. त्याची सुटका करणारा आकडा त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितला होता आणि चेहरा मात्र सोमवारपेक्षाही उतरला होता. गॅरेजमध्ये परतल्यावर तो म्हणाला, मिस्त्री, तुम्ही जेवून या, सायलेन्सर मी उतरवतो. माझ्या गॅरेजात माझ्या हत्यारांना हात लावायची कोणाची टाप नव्हती. मी म्हटलं, बस तिथेच.

सायलेन्सर उतरवला. पेटीतून मागे दोन नळ्या निघतात, त्या दोन्ही गाडीच्या शेपटाला दिसतात. पुढच्या तोंडातून लांब आकडा आत सारला. जिथे एका वाटेच्या दोन वाटा होतात तिथे काहीतरी मऊ लागलं. ओढत ओढत बाहेर काढलं. मुठीएवढा काथ्याचा बोळा. बाहेरून कोळसा झालेला, आतून अजून पिवळा, तेलकट. त्यावर तांब्याच्या तारेचे तीन वेढे आणि तारेचाच एक लहान फास.

मी तो हातात धरून वळलो तेव्हा धाकटा उभा होता. तो म्हणाला, "मिस्त्री, उंदराचं घरटं व्हतं म्हनून सांगा."

मी म्हटलं, उंदीर तांब्याची तार बांधतो का? मग तो खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, वरून झापांनी, म्हणजे नारळाच्या विणलेल्या झावळ्यांनी, झाकतात. इंजिनात पाणी, उंदीर, खेकडे जाऊ नयेत म्हणून धुराड्यात, हवेच्या तोंडात आणि पाण्याच्या वाटेत तेलात भिजवलेल्या काथ्याचे, तारेने आवळलेले बोळे घट्ट बसवतात. प्रत्येक बोळ्याला सुतळी, आणि सगळ्या सुतळ्या आणून सुकाणूला बांधायच्या, म्हणजे त्या सोडल्याशिवाय कोणी होडी हलवूच शकत नाही. नारळी पौर्णिमेला तांडेल स्वतः सुतळ्या ओढून बोळे काढतो. हे काम दुसऱ्या कोणाचं नाही. जूनमध्ये थोरला गेला, आणि पाऊस लागायच्या आत म्हाताऱ्या तांडेलाने होडी शाकारली तशीच पोराची गाडीही शाकारली. ठोकळ्यांवर चढवली, वर ताडपत्री आणि झापं घातली. हवेच्या तोंडात एक बोळा घातला, त्याची सुतळी वेगळी. मागे पाहतो तर दोन धुराडी. त्याने विचार केला, धूर एकच तर सुतळीही एकच. एकाच सुतळीच्या दोन टोकांना दोन बोळे बांधले, दोन नळ्यांत काठीने खोल बसवले आणि मधला फास स्टिअरिंगला नेऊन बांधला.

पौर्णिमेला हवेचा बोळा निघाला, मग त्याने मागची सुतळी ओढली. एक बोळा आला. दुसरं टोक उंदराने कुरतडलं होतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. एक सुतळी, एक बोळा, हा पन्नास वर्षांचा हिशेब त्याच्या हातात बसलेला. त्याने सगळ्यांना सांगितलं, निघाले. धाकट्याने कुरतडलेलं टोक पाहिलं होतं. पुढच्या रविवारी त्याने गुपचूप तार घालून बोळा काढायचा प्रयत्न केला, तो आणखी आत गेला. मग थोरला सुट्टीवर आला आणि गाडी चालू झाली, तेव्हा त्याला वाटलं की धुराच्या जोराने निघून गेला असेल.

मी विचारलं, मग सोमवारी तोंड का मिटलंस? सांगितलं असतंस तर तुझी जागा गेली नसती.

तो म्हणाला, "माजी जागा जाऊ द्या. बोळा इसरलेल्या तांडेलाच्या मागं पान्यात कोन जाईल? होडीवर सहा मानसं हाईत. त्यांना कळलं तर बाबांना सुकानूवर कोनी बसू देनार नाय. दुसरं काय हाय त्यांच्याकडं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोमवारी मी ज्याला चोर ठरवलं होतं तो बापाची इभ्रत तोंडात धरून बसला होता, आणि माझ्या एका फुशारकीने त्याला त्याची किंमत मोजायला लावली होती. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी उगाच पाना पुसत बसलो. शेवटी म्हटलं, ठीक आहे, घरटं. बाकावरच्या बोळ्यावर मी फडकं टाकलं.

शनिवारी सकाळी थोरला आला. पत्र शर्टाच्या खिशात, डोकावत होतं. बरोबर धाकटा, आणि त्यांचा बाप. तांडेलाला मी तोवर लांबूनच पाहिलं होतं. ठेंगणा, रुंद हातांचा, डोळे किलकिले करून माणसाच्या खांद्याकडे बघणारा. थोरल्याला त्याला गाडीत बसवून घरी न्यायचं होतं, म्हणून आणलं होतं. मी गाडी चालू करून दिली, थोरला एक चक्कर मारून आला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मलाही बरं वाटलं. त्याने विचारलं, काय होतं? नवीन बेअरिंग घातलंत का?

मी म्हटलं, बेअरिंग चांगलंच होतं. सायलेन्सरमध्ये उंदरांनी घरटं केलं होतं. मी खोटं बोलायला कच्चा नाही, पण ते वाक्य माझ्या तोंडून फारच भरभर निघालं. थोरला हसला. म्हातारा हसला नाही. तो नाक वर करून उभा होता. म्हणाला, घरटं बघू. मी म्हटलं, टाकून दिलं. तो वासाच्या दिशेने सरळ बाकापाशी गेला, फडकं बाजूला केलं आणि बोळा हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला नाही. अंगठ्याने तारेचे वेढे चाचपले, मग फास चाचपला. तो डावखुरा होता, त्याचा पीळ उलटा पडायचा.

"ह्यो बोळा माजा हाय," तो म्हणाला. "दोन घातलं, एक काढला. डोळं गेलं माजं, पन तोंड हाय सांगायला."

मग तो धाकट्याकडे वळला आणि विचारलं, तुला ठाऊक होतं? धाकट्याने उत्तर दिलं नाही, आणि बापाला ते पुरलं. त्याने हात पुढे करून पोराचा खांदा शोधला आणि तिथेच ठेवला. थोरला एकदा बोळ्याकडे, एकदा भावाकडे बघत होता. मला वाटलं आता सगळं मिटलं, आपण चहा सांगावा. पण म्हातारा माझ्याकडे वळला.

"मिस्तरी, सोमवारी तू माज्या पोराला काय बोलला व्हतास? ते हितंच परत घे."

मी परत घेतलं. आजवर मी बऱ्याच गिऱ्हाइकांशी बऱ्याच गोष्टी बोललो असेन, पण त्या दिवशीचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. मी म्हणालो, "गाडी याने बिघडवली नाही. टर्बोला काहीही झालं नव्हतं. मला मंगळवारीच कळलं होतं आणि मी गप्प बसलो. चूक माझी आहे." शेवटची दोन वाक्यं म्हाताऱ्याने मागितली नव्हती. ती माझी मीच घातली, आणि घातल्यावर हलकं वाटलं.

थोरल्याने खिशातलं पत्र काढलं, दोन तुकडे केले आणि माझ्या भंगाराच्या डब्यात टाकलं. भावाची माफी मागणं त्याला जमलं नाही. गाडी मात्र राजोडीपर्यंत धाकट्याने चालवली आणि थोरला मागच्या त्या सीटवर दुमडून बसला, जिथे खरं तर माणूस बसू शकत नाही. खलाशांना म्हाताऱ्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगितलं, असं मला मासळीवाल्या बाईकडून कळलं. सहापैकी एकानेही होडी सोडली नाही.

जानेवारीत जायच्या आधी धाकटा गॅरेजवर आला. या वेळी चहा प्यायला. त्याने मला माफ केलं की नाही हे तो बोलला नाही, मीही विचारलं नाही. उठताना म्हणाला, जूनमध्ये होडी वर ओढतील, तेव्हा एकदा जाल का? बाबांच्या सुतळ्या मोजायला. मी पाठवलं म्हणून सांगू नका.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी राजोडीला गेलो. होडीचं इंजिन बघायला आलो, असं काहीतरी बोललो. म्हातारा होडीच्या सावलीत बसून बोळ्यांवर तार आवळत होता. त्याने माझ्या खांद्याकडे बघून मान हलवली. मी का आलो ते त्याला पहिल्याच वाक्यात कळलं असणार. त्याने बोळे जागच्या जागी ठोकले, सुतळ्या सुकाणूपाशी आणल्या आणि गाठ मारायच्या आधी त्या सगळ्या माझ्या हातात दिल्या.

"आवाज ऐकून नको सांगू, मिस्तरी," तो म्हणाला. "हात लावून मोज."

मी एकेक सुतळी धरून बोळ्यापर्यंत बोट नेलं. तीन होत्या. मग पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.